यंत्र आले, पण श्वास धरायला कोण शिकवणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठवाड्यात कर्करोगाचे नवे यंत्र येणार म्हटले की वर्तमानपत्रांत किती कोटींचे, कोणाच्या प्रयत्नांतून, हे सगळे छापून येते. मी रेडिओथेरपी तंत्रज्ञ आहे, तेव्हा मला आनंद होतोच. पण त्या यंत्राखाली झोपणाऱ्या माणसाचा श्वास सतत चालू असतो, त्याची सोय कोणत्याच मंजुरीत दिसत नाही.

डाव्या स्तनाच्या कर्करोगात शेक, म्हणजे किरणोपचार, द्यायची जागा हृदयाला अगदी लागून असते. बाईने खोल श्वास घेऊन वीसेक सेकंद धरला की फुप्फुस फुगते, हृदय छातीच्या भिंतीपासून लांब सरकते आणि तेवढ्या वेळात किरण सोडता येतात. २०१३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या अभ्यासात, हृदयावर पडलेल्या किरणांच्या सरासरी मात्रेच्या दर ग्रेमागे (ग्रे हे ती मात्रा मोजायचे एकक) हृदयविकाराच्या गंभीर घटनांचा धोका ७.४ टक्क्यांनी वाढलेला आढळला. चाळिशीच्या बाईपुढे अजून सगळे आयुष्य पडलेले असते, म्हणून हा खटाटोप.

प्रत्यक्षात काय होते? हिंगोलीकडची एखादी मावशी उपचाराची आखणी करायच्या सीटी स्कॅनसाठी टेबलावर पहिल्यांदाच आडवी होते. हात डोक्यावर, अंग उघडे, खोलीत गारठा. पोटावर छोटा ठोकळा ठेवलेला, त्यावरच्या खुणा कॅमेरा टिपतो आणि पडद्यावर श्वासाची लाट उमटते. ‘श्वास घ्या, धरा’ म्हटले की ती गाल फुगवते, खांदे उचलते, नाहीतर पाठीची कमान करते. पाठ उचलली की पडद्यावरची रेघ बरोबर हवी तिथे जाते, पण फुप्फुसात हवा गेलेलीच नसते आणि हृदय होते तिथेच राहते. रेघेवर विसंबणारा इथेच फसतो. म्हणून मी आधी कमरेखाली हात घालून बघतो. मग सांगतो, ‘मावशी, हिरीत बुडी मारायच्या आधी घेता तसा श्वास घ्या.’ ज्यांचे लहानपण विहिरीवर गेले, त्यांना दुसऱ्यांदा सांगावे लागत नाही. एकीने मात्र सुनावले, ‘दम धरून धरून हितंच जीव जायचा की माझा!’ तिचेही खरे होते. बाहेर रांग खोळंबलेली असताना दहा मिनिटांत शिकवलेला श्वास पुढे उपचाराच्या पंधरा खेपांना जसाच्या तसा यावा, ही अपेक्षाच अघोरी आहे.

फुप्फुसाच्या खालच्या भागातली किंवा यकृतातली गाठ तर श्वासागणिक एक-दोन सेंटिमीटर वर-खाली होऊ शकते. अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकतज्ज्ञांच्या संघटनेने २००६ च्या अहवालात, हालचाल पाच मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर ती आटोक्यात आणायचे उपाय करा, असे सुचवले. जन्मभर बिड्या ओढलेल्या आजोबांना श्वास धरा म्हणण्यात अर्थ नाही. त्यांचा फोर-डी सीटी काढतात. त्यात एका श्वासाचे साधारण दहा टप्पे करून गाठ कुठून कुठे फिरते ते पाहतात आणि तेवढी सगळी जागा उपचारात धरतात. पण श्वास वेडावाकडा असला तर ती चित्रेही तुटक येतात. म्हणजे संथ, एका लयीत श्वास घ्यायला त्यांनाही शिकवावेच लागते.

बऱ्याच बायकांची शस्त्रक्रिया आधी होते, मग काही महिने केमो चालते आणि त्यानंतर त्या आमच्याकडे येतात. लातूर, नांदेड, बीड, जिथे कुठे केमो चालू असेल, तिथल्याच डॉक्टरांनी प्रकृती पाहून घरी श्वासाचा सराव सुरू करून दिला तर त्याला पैसा लागत नाही. मराठीतला एक साधा कागद पुरे: पाठ टेकलेली ठेवा, खांदे उचलू नका, रोज थोडा वेळ करा, चक्कर आली तर थांबा. निरक्षर बाईला नर्सने एकदा करून दाखवावे.

वैद्यकीय शिक्षण विभागाकडे मागणे एवढेच, की यंत्राच्या प्रस्तावातच सराव करून घेणारा माणूस धरा. आहे त्या तंत्रज्ञांना दिवसाकाठी किती रुग्ण झाले याचाच हिशेब द्यावा लागतो. श्वास शिकवण्यात गेलेला अर्धा तास त्या रजिस्टरात कुठेच लिहिता येत नाही.

आपला,
एक रेडिओथेरपी तंत्रज्ञ, छत्रपती संभाजीनगर