भाओजींची गाडी बुडालेली नव्हती

विक्रोळी, मुंबई
१७ नोव्हेंबर २०२४

प्रिय सुऱ्या,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीत तुझा फोन आला तेव्हा मी दोन मिनिटांत ठेवून दिला, ते तुझ्या लक्षात आलं असणारच. बोलायचा धीर नव्हता. भाओजींना मी गेल्या महिन्यात जे बोललो ते तुझ्या कानावर आलंय की नाही, माहीत नाही. ताई आपणहून सांगणाऱ्यातली नाही. म्हणून माझ्याकडूनच ऐक, आणि सगळं वाचून झाल्याशिवाय फोन करू नकोस.

ऑगस्टमध्ये त्यांची गाडी घेतली हे तुला माहीतच आहे. २०१७ चं मॉडेल, सात सीटर, ऑटोमॅटिक, साडेनऊ लाखांत. अर्धांगाच्या झटक्यानंतर बाबांना साध्या गाडीत वाकून बसता येत नाही. हिच्या मधल्या रांगेतली सुटी खुर्ची त्यांना नेमकी उंचीला बसते. फिजिओथेरपीला जाताना, गणपतीत गिरगावला काकांकडे जाताना, ते खिडकीशी बसून दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचायचे. आजारपणानंतर त्यांचा आवाज इतका मोकळा झालेला मी पहिल्यांदाच ऐकला.

दसऱ्याला नाशिकला माईकडे निघालो. कसाऱ्याचा घाट चढताना गाडीने मान टाकली. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन नुसतं ओरडायचं, इंजिनच्या फेऱ्यांचा काटा चार हजारांवर आणि गाडी जागच्या जागी. मागून ट्रकचे हॉर्न. कशीबशी कडेला घेतली. क्रेनवाला आला तो पुढून उचलून मागची चाकं रस्त्यावर ठेवून ओढायला निघाला. आमच्या हिने त्याला अडवलं. ही गाडी मागच्या चाकांवर चालते, आणि इंजिन बंद असलं की गिअरबॉक्समधला तेलाचा पंपही बंद. अशी ओढत नेली तर आतलं सगळं कोरडंच फिरत राहतं. सपाट प्लॅटफॉर्मची गाडी यायला साडेतीन तास लागले. माईने जावयांना दुसरी गाडी घेऊन पाठवलं, तोवर बाबा ऑक्टोबरच्या उन्हात बसून होते. एकदाही कुरकुरले नाहीत. त्या न बोलण्यानेच माझं डोकं आधी तापलं होतं.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने तिसऱ्या दिवशी सांगितलं, गिअरबॉक्स बदलावा लागेल, ३ लाख ६२ हजार. रिपेअर होत नाही, अख्खा बदलायचा. इन्शुरन्सचं विचारलं तर झीज आणि बिघाड पॉलिसीत धरत नाहीत. आणि तिथला माणूस सहज बोलून गेला, “गिअर ऑइलमध्ये पाणी आहे. फ्लड गाडी वाटते साहेब.”

सुऱ्या, त्या एका वाक्याने मी वेडा झालो. आठवतंय ना, ८ जुलैला सकाळपर्यंत मुंबईत सहा तासांत काही ठिकाणी तीनशे मिलिमीटर पाऊस कोसळला होता. भाओजींनी गाडी विकायला काढली ती बरोबर त्यानंतर, महिन्याभरात. मी मनातल्या मनात दोन अधिक दोन केले आणि तिथल्या पार्किंगमधूनच त्यांना फोन लावला. म्हणालो, “बुडालेली गाडी माझ्या गळ्यात मारलीत. माझा नाही, निदान माझ्या बापाचा तरी विचार करायचात.” ते बराच वेळ गप्प होते. मग इतकंच म्हणाले, “गाडी पाण्यात गेलेली नाही. तुम्ही नीट तपासून घ्या.” मला कायम ‘अरे’ म्हणणारा माणूस, त्या दिवशी ‘तुम्ही’ म्हणाला.

रात्री त्यांनी व्हॉट्सॲपवर जुन्या पॉलिसीची प्रत पाठवली. नो क्लेम बोनस ५० टक्के, म्हणजे सलग पाच वर्षांत एकही क्लेम नाही. मी म्हटलं, क्लेम न करता गुपचूप दुरुस्त केली असेल. दोन दिवसांनी माझ्या खात्यात ५० हजार जमा झाले. खाली दोन ओळी : “गाडी आधी सुरू होऊ दे. बाकीचं नंतर बघू.” ते मी चुकीची कबुली समजलो. घरात सगळ्यांना तसंच सांगितलं. आता ते आठवलं की जेवण जात नाही.

साडेतीन लाख कुठून आणणार होतो? आमच्या बिल्डिंगमध्ये टूरिस्ट गाडी चालवणारे एक काका आहेत. ते म्हणाले, आधी कुर्ल्याला सीएसटी रोडच्या आतल्या गल्लीत एक उस्ताद आहे त्याला दाखव, तो फक्त ऑटोमॅटिकचेच बॉक्स उघडतो. पुन्हा प्लॅटफॉर्मवर चढवून गाडी तिकडे नेली.

उस्तादांनी गाडीखाली झोपून थोडं तेल काचेच्या ग्लासात काढलं आणि उजेडात धरलं. हे तेल लालभडक असतं, जुनं झालं की तपकिरी होतं. आमचं होतं फालुद्यातल्या दुधासारखं, गुलाबी आणि गढूळ. मला वाटलं, झालं, पुरावा मिळाला. ते म्हणाले, “पानी तो है, पक्का है. मगर आया किधर से, वो देखे बिना मैं बॉक्स को हाथ नहीं लगाएगा.”

मग ते मागच्या सीटवर जाऊन बसले आणि सीटबेल्ट ओढायला लागले. ओढत ओढत पार शेवटापर्यंत, जिथवर तो रोजच्या वापरात कधीच येत नाही. तो शेवटचा हातभर पट्टा त्यांनी माझ्या हातात दिला. बुडालेल्या गाडीत इथे चिखलाची रेघ असते, माणसं बाकी सगळं धुतात, हे धुवायचं राहून जातं. आमचा पट्टा कोरा करकरीत. दुसऱ्या बाजूचाही तसाच. कार्पेट उचलून सीटखालचे बोल्ट दाखवले, गंजाचा ठिपका नाही. स्टेपनीच्या खालचा पत्रासुद्धा स्वच्छ. तो पट्टा हातात धरून मी तसाच उभा राहिलो. भाओजींचं ते ‘तुम्ही’ कानात वाजत होतं.

पाणी रेडिएटरमधून आलं होतं. ऑटोमॅटिकमध्ये तेल हे नुसतं वंगण नसतं, त्याच्या दाबावरच आतल्या क्लचप्लेटा एकमेकींवर दाबल्या जातात आणि गिअर पडतो. ते तापतं, म्हणून ते गार करायला कित्येक गाड्यांत रेडिएटरच्या टाकीतच एक छोटा कूलर बसवलेला असतो. आत गिअरचं तेल, बाहेर कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, मध्ये पातळशी भिंत. ती चिरली की गाडी चालू असताना तेल कूलंटमध्ये जातं आणि बंद केल्यावर कूलंट तेलात शिरतं. उस्तादांनी रेडिएटर खाली उतरवला, कूलरचं एक तोंड बुच मारून बंद केलं, दुसऱ्यातून हवा सोडली आणि निळ्या पिंपात बुडवला. एका कोपऱ्यातून बारीक बुडबुड्यांची माळ वर यायला लागली. सात वर्षांचा रेडिएटर, आतून झिजलेला. यात कोणाची लबाडी नाही की हलगर्जी नाही.

आणि बघ, सर्व्हिस सेंटरच्या कोटेशनमध्ये रेडिएटर नव्हताच. मी पैसे उभे केले असते, नवा गिअरबॉक्स बसवला असता, आणि त्याच चिरलेल्या कूलरने तोही बुडवला असता. ज्यांनी कारण न बघता आकडा सांगितला त्यांच्यावर मी विश्वास ठेवला, आणि वीस वर्षं ओळखतो त्या माणसावर नाही.

बॉक्स उघडला तेव्हा क्लचप्लेटांवरचं कागदासारखं अस्तर भिजून सुटलं होतं, नखाने निघत होतं. लगेच लक्षात आलं असतं तर दोन-तीनदा तेल बदलून भागलं असतं म्हणे, पण आम्ही तशीच घाटात नेली. प्लेटा आणि सीलचं किट ३८ हजार, दोन सोलेनॉइड (तेलाची वाट उघडणारे-मिटणारे विजेचे व्हॉल्व्ह) १२ हजार, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनचा जोर तेलातून गिअरबॉक्सला देणारा डबा) कापून साफ करून परत वेल्ड करायचे १४ हजार, रेडिएटर १६ हजार ५००, तो मी स्वतः ऑपेरा हाऊसच्या पार्ट्सच्या दुकानांतून फिरून आणला. तेल धुण्यासकट १२ लिटर, १० हजार ८००. मजुरी ३५ हजार. एकूण १ लाख २६ हजार ३००. आमच्या हिची एक एफडी मोडली, बाकीचे ऑफिसच्या सोसायटीतून उचलले. भाओजींच्या पैशांना हात लावलेला नाही.

गाडी परवा घरी आली. हजार किलोमीटरनंतर तेल पुन्हा एकदा बदलायचंय. काल बाबांना घेऊन ठाण्यापर्यंत जाऊन आलो, ते पाट्या वाचत होते.

आता तुझ्याकडे एक काम आहे. ते ५० हजार मी बुधवारी परत पाठवले तर तासाभरात त्यांनी पुन्हा माझ्या खात्यात टाकले, या वेळी काहीही न लिहिता. फोन केला तर ताईच उचलते, “बाथरूममध्ये आहेत” म्हणते. मला फोनवर माफी मागायचीच नाहीये. पार्किंगमध्ये उभं राहून फोनवरच तर बोललो होतो सगळं. पुढच्या रविवारी, २४ तारखेला, मुलुंडला त्यांच्या घरी जातोय, बाबांना घेऊन, त्याच गाडीतून. बाबांचा हट्ट आहे, मी येणारच म्हणतात. ते त्या दिवशी घरी असतील ना, एवढं ताईला विचारून कळव. आम्ही येतोय हे मात्र सांगू नकोस, नाहीतर ते मुद्दाम बाहेर जातील.

आणि तुला राग आला असेल तर तोही लिही. तुझ्या शब्दावर त्यांनी मला गाडी दिली होती, दुसरं गिऱ्हाईक दहा लाख देत असताना.

काका-काकूंना नमस्कार.

तुझाच,
बाळ्या