बॅटरीवाल्यांची गाडी

शेन्झेन, रविवार

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा "ही बीवायडी म्हणजे नक्की कोण रे?" एवढं तुम्ही विचारलंत आणि फोन कटला. म्हटलं, पत्रच लिहू.

माझ्या खिडकीखालून बस जाते ते कळतच नाही, टायरांची सरसर तेवढी ऐकू येते. 2017 सरता सरता या शहराने सोळा हजारांवर बस झाडून सगळ्या इलेक्ट्रिक केल्या, त्यातल्या बहुतेक बीवायडीच्या. विजेच्या गाड्या बनवणारी ही कंपनी इथलीच. पण सुरुवात गाड्यांपासून नाही, बॅटऱ्यांपासून झाली.

मालक वांग चुआनफू, आन्हुई प्रांतातल्या शेतकरी घरातला. शाळकरी वयातच आईवडील गेले, थोरल्या भावाने शिकवलं. बीजिंगच्या सरकारी संशोधन संस्थेतली नोकरी सोडली, नात्यातल्या भावाकडून 25 लाख युआन घेतले आणि 1995 मध्ये वीसेक माणसं जमवून मोबाईलच्या बॅटऱ्या करायला बसला.

आता खास तुमच्यासाठीची गोष्ट. तेव्हा या धंद्यात जपान्यांचा दबदबा. त्यांच्या ऑटोमॅटिक लाइनची किंमत ऐकूनच याला घाम फुटला असणार. मग त्याने अख्ख्या लाइनचे बारीक बारीक तुकडे पाडले आणि प्रत्येक कामाला एक माणूस आणि एक जिग, म्हणजे वस्तू जागच्या जागी धरून ठेवणारा साचा, बसवला. रोबोच्या हाताऐवजी जिग! आईची खवणी सरकते म्हणून तुम्ही लाकडी पट्टीला खाच पाडून तिचा पाय अडकवला होतात ना, जात तीच. तुमच्या टूलरूममधल्या कुणालाही हे एका वाक्यात कळेल. मला इथल्या साहेबाला समजवायला अर्धा तास लागला. बॅटऱ्या स्वस्त पडल्या. 2000 मध्ये मोटोरोला, 2002 मध्ये नोकिया गिऱ्हाईक झाले. गावाकडून आलेली पोरं-पोरी दिवसभर तेच एक काम करत बसायची, त्यांच्या बोटांचं काय झालं ते मात्र या कौतुकाच्या गोष्टींत कुणी सांगत नाही.

2003 मध्ये शिआनची चिनचुआन ही गाड्यांची कंपनी त्याने विकत घेतली. बॅटरीवाल्याला हे काय सुचलं म्हणून शेअर धाडकन पडला. 2005 ची त्यांची एफ3 गाडी तर लांबून बघाल तर टोयोटाची कोरोलाच! नक्कल करायचीच तर निदान दिवे तरी बदलायचे. पण 2008 मध्ये अमेरिकेतले बडे गुंतवणूकदार वॉरन बफे यांच्या कंपनीने 23 कोटी डॉलरना सुमारे दहा टक्के हिस्सा घेतला आणि हसणारे गप्प झाले. त्याच डिसेंबरात घरी चार्ज होणारी, शिवाय पेट्रोलवरही चालणारी गाडी आली. 2020 मध्ये पात्यासारख्या लांबट सेलची बॅटरी आली. आरपार खिळा ठोकून दाखवला, तरी ना धूर ना जाळ. आणि मार्च 2022 पासून नुसत्या पेट्रोलवर चालणाऱ्या गाड्या बनवणंच बंद.

म्हणजे गाडी करून मग बॅटरी शोधली नाही, बॅटरीभोवती गाडी उभी केली. मला तरी यांच्या यशाचं मर्म तिथेच वाटतं.

आपल्या पुण्याच्या पीएमपीने 2019 मध्ये रस्त्यावर आणलेल्या पहिल्या इलेक्ट्रिक बस ऑलेक्ट्रा या भारतीय कंपनीच्या, तंत्र मात्र बीवायडीचंच. निगडीला अशा बसमध्ये बसलात तर ब्रेक लावताना कान देऊन ऐका, मोटरचा बारीक सूर येतो. कसा वाटला ते कळवा.

चकल्यांचा डबा मिळाला. एकही चकली धड नाही, चमच्याने खातोय. आईला वाचून दाखवताना एवढी ओळ गाळा.

तुमचा,
मन्या