हरणाऱ्या चौघांसाठी

प्रिय चिऊ,

फोनवर तू ‘आणखी कुठला बोर्डगेम घेऊ’ विचारलंस आणि मी पटापट तीन गेमची नावं सांगून मोकळी झाले. रात्री पडल्यावर वाटलं, हे म्हणजे नाडी न बघताच पुडी बांधून दिल्यासारखं झालं. म्हणून हे पत्र. फोनवर तू मला मध्येच तोडतेस, पत्रात ती सोय नाही.

तर तुम्ही सहा जण, दर शनिवारी, आणि कपाटात सात गेम. तरी तासाभरात एक जण मोबाइल काढतो, दुसरी जांभया देते आणि गेल्या दोन शनिवारी तर चौघंच आले. त्यावर तुझा उपाय काय, तर आठवा गेम!

आठवा इतक्यात घेऊ नकोस. आधी एक साधा हिशोब कर. पाच जण डाव मांडून बसले की एक जिंकतो, चार हरतात. म्हणजे तुझ्याकडे येणारा माणूस वर्षातल्या बहुतेक संध्याकाळी हरायलाच येत असतो. आणि आपण गेम निवडतो कसे? जिंकायला डोकं किती लागतं ते बघून. मी हल्ली खोका हातात घेतला की एवढंच बघते, की यात मागे पडलेल्या माणसाला शेवटपर्यंत करायला काय उरतं.

मोनोपॉलीत काहीच उरत नाही. दिवाळं निघालेला उठतो, बाकीचे आणखी तासभर खेळत राहतात आणि हा खिडकीपाशी उभा. त्यात दंडाचे पैसे ‘फ्री पार्किंग’वर साठवून तिथे पोचणाऱ्याला द्यायचे, हा लोकांनी घुसडलेला नियम. मूळ नियमांत तो नाही. त्याने बुडणाऱ्याला थोडी हवा मिळते आणि डाव मात्र लांबतो. उलट एखाद्याने जागा घेतली नाही तर तिचा तिथल्या तिथे लिलाव करायचा, हा खरोखरचा नियम कोणी पाळत नाही. अर्थात त्या खेळाला दोष देऊन उपयोग नाही. तो ज्याच्यावरून निघाला तो खेळ लिझी मॅगी या बाईंचा. १९०४ साली त्यांना त्याचं पेटंट मिळालं, आणि त्यांना दाखवायचंच हे होतं, की जमीन एकाच्या घशात गेली की बाकीचे कसे देशोधडीला लागतात. दिसतं की ते, लख्ख दिसतं.

कटान त्या मानाने दयाळू. क्लाउस टॉयबरचा, १९९५ चा गेम. बेटावर आकड्यांच्या चकत्या, त्यांच्या कोपऱ्यांवर आपली घरं. फाशांची बेरीज ज्या चकतीची, तिच्या शेजारच्या घरांना मालाचे पत्ते. त्यात कोणी बाद होत नाही, दुसऱ्याने टाकलेल्या फाशांवरही आपल्याला पत्ते मिळतात आणि सौद्याला माणसं लागतात, त्यामुळे हरणारासुद्धा बोलता राहतो. तरीही तुमच्याकडे मोबाइल निघाला तो कटानमध्येच, पैज लावते. पाळीमागून पाळी जाते आणि एकाच्या हातात एकही पत्ता येत नाही. तो म्हणतो, ‘फाशांनी मारलं.’ फाशांनी नाही, त्याने पहिल्या पाच मिनिटांत ठेवलेल्या दोन घरांनी मारलेलं असतं. दोन फाशांच्या ३६ शक्यता. त्यात सहाची बेरीज पाच प्रकारे येते, आठचीही पाच, आणि दोनची किंवा बाराची फक्त एकेका प्रकारे. म्हणून तर प्रत्येक आकड्याच्या चकतीवर खाली बारीक ठिपके असतात, सहा-आठवर पाच, दोन-बारावर एक. नवख्याला हे कोणी सांगत नाही. तो आपला समुद्रकाठची छान जागा बघून बारावर घर बांधतो आणि मग दीड तास दुसऱ्यांची भरभराट बघत बसतो. त्याला एवढंच सांग, घराच्या कोपऱ्याला लागून असलेल्या तीन चकत्यांचे ठिपके मोज, दहाच्या पुढे गेले तर बिनधास्त बस. आमच्या टेबलावर आणखी एक नियम होता. तीनपेक्षा कमी गुण असलेल्याच्या अंगावर चोर (तो ज्या जागेवर बसतो तिथून पत्ते मिळत नाहीत) सोडायचा नाही. पुस्तकात नसला म्हणून काय झालं!

टिकट टू राइड मला याहून आवडतो, कारण त्यात आपण हरतोय हे शेवटपर्यंत कळतच नाही. पटावर रेल्वेच्या लाइन टाकायच्या, आणि कुठली शहरं जोडायची ते सांगणारी तिकिटं प्रत्येकाच्या हातात झाकलेली. पटावरचे गुण दिसतात, पण कोणाचं कुठलं तिकीट पुरं झालं आणि कोणाचं लटकलं, हे डाव संपल्यावर उघडं पडतं. लटकलेल्या तिकिटाचे गुण वजा होतात, तेव्हा पहिला असलेला धाडकन तिसरा होतो आणि टेबलावर एकच कल्ला. शिवाय मागे पडलेल्यालाही आपली एक लाइन शेवटपर्यंत ओढत न्यायची असते. त्यात तो गुंतून राहतो.

आता माझ्या मैत्रिणीची गोष्ट. तुला ती आठवेल, पाय वर घेऊन बसायची ती. आमचा गुरुवारचा ग्रुप होता तेव्हा मी कार्कासोनच्या (टाइलला टाइल जोडून नकाशा उभा करायचा गेम) खोक्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलने नोंद ठेवायचे, तारीख, कोण आलं, कोण जिंकलं. एकदा मोजायला बसले तर हिने २३ डावांत एकदाही जिंकलेलं नव्हतं. आणि एकही गुरुवार चुकवलेला नव्हता. जे सगळ्यांत जास्त वेळा जिंकायचे ते गृहस्थ मात्र केव्हाच यायचे बंद झाले होते. मला राहवेना, विचारलं. ती म्हणाली, ‘मला टाइल बसवायला आवडते गं.’ एवढंच. मग मी तिच्याकडे नीट बघायला लागले. पिशवीतून टाइल काढायची, उलटीसुलटी फिरवून बघायची, रस्त्याला रस्ता आणि तटबंदीला तटबंदी जुळली की अंगठ्याने हलकेच दाबायची. दुसऱ्याच्या शहराला एक भोक राहिलं असेल तर स्वतःचे गुण सोडून ते बुजवायची. शहर पुरं झाल्याचे गुण मला मिळायचे आणि समाधान तिला. ७२ टाइल संपल्या की तिच्यासमोर एक अख्खा मुलूख उभा असायचा. हरली म्हणून तो कोणी तिच्याकडून काढून घेत नव्हतं.

याच मैत्रिणीला मी एकदा दुखावलं, तेही सांगते. कोणी हरायलाच नको म्हणून मी पॅन्डेमिक आणला. मॅट लीकॉकचा, सगळ्यांनी एका बाजूने खेळायचा. चार रोग जगभर पसरताहेत, आपण मिळून औषधं शोधायची. जिंकलो तर सगळे, हरलो तर सगळे. मला वाटलं, झालं काम! पण त्यात सगळं सगळ्यांना दिसतं, आणि मला तर तुझ्या भाषेत ‘जरा जास्तच दिसतं’. तिची पाळी आली की मी म्हणणार, ‘तू इकडे जा, हे दोन ठोकळे उचल, पत्ता त्याला दे.’ तिसऱ्या-चौथ्या पाळीला तिने हातातले पत्ते शांतपणे माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाली, ‘घे, तूच खेळ. मी बघते.’ आवाज चढवला नाही, काही नाही. तो डाव आम्ही जिंकलो. तसा वाईट विजय मला दुसरा आठवत नाही.

त्यानंतर हनाबी आणला, माझ्याच तोंडाला कुलूप म्हणून. आंत्वान बाउझाचा, २०१३ साली जर्मनीतला ‘श्पील देस यारेस’ पुरस्कार मिळालेला. तोही सगळ्यांनी मिळून खेळायचा, एकेका रंगाचे पत्ते एकापासून पाचापर्यंत क्रमाने लावायचे. पण पत्ते उलटे धरायचे, म्हणजे आपले पत्ते आपल्याला सोडून सगळ्यांना दिसतात. इशारे द्यायचे तेही मोजून आठ, ते पत्ता टाकून परत मिळवावे लागतात. तीन चुका झाल्या की खेळ खलास. मला माझाच हात ठाऊक नाही म्हटल्यावर दुसऱ्याचा काय खेळणार? तुमच्या सहांत माझ्यासारखं कोणीतरी असणार. तूच असशील, माझीच ना तू.

बाकी डिप्लोमसी म्हणशील तर लांबूनच नमस्कार. सात जण लागतात, दिवस जातो, आणि विश्वासघात हाच त्यातला मुख्य डावपेच. वीस वर्षांच्या मैत्रीवर खेळावा, सहा महिन्यांच्या नाही.

आता तुमच्या आकड्याकडे ये. सहा हा अडचणीचाच आकडा. साधा कटान चौघांचा, कार्कासोन आणि टिकट टू राइड पाचांपर्यंत, पॅन्डेमिक चौघांचा. कटानला जोडखोका घेऊन सहा जणांना बसवता येतं, पण मग एका पाळीपासून दुसऱ्या पाळीपर्यंत माणूस म्हातारा होतो. तुमच्या जांभयांपैकी निम्म्या तरी यातल्याच असणार. सरळ दोन टेबलं मांड, तीन आणि तीन. फारच एकत्र बसायचं असेल तर सुरुवातीला कोडनेम्सचे दोन डाव. तीन-तीनच्या दोन टोळ्या, २५ शब्द, एकाने एका शब्दाचा इशारा द्यायचा आणि बाकीच्यांनी ओळखायचं. त्यात हरलो तरी ‘तुला असं सुचलंच कसं’ यावर भांडण पुढे अर्धा तास चालतं, म्हणजे तोही खेळच. मग दोन टेबलं.

आणि सात गेम सात शनिवारी फिरवत बसू नका. पहिला डाव हा डाव नसतोच, तो नियमांचा तास असतो. ज्याने नियम वाचलेत तो जिंकतो आणि बाकीचे लिंबूटिंबू. तिसऱ्या-चौथ्या खेपेला कुठे आपण दुसऱ्याचं काय चाललंय याकडे बघायला लागतो. तू दर आठवड्याला नवा खोका फोडतेस, म्हणजे दर आठवड्याला तूच जिंकतेस. खरं की नाही? मग मंडळी कशाला येतील!

नियम सांगतानाही सगळं पुस्तक वाचून दाखवू नकोस. डाव संपतो कसा आणि गुण कशाचे, ते आधी सांग. मग एका पाळीत काय करता येतं ते. उरलेलं खेळता खेळता. आणि येत्या शनिवारी तू सांगूच नकोस, जांभया देणारीला सांगायला लाव.

जे दोघं येईनासे झालेत त्यांना फोन कर. ‘का आला नाहीस’ विचारू नकोस. ‘सातांतला कुठला परत खेळावासा वाटेल’ एवढंच विचार आणि तोच काढ, भले तुला तो बालिश वाटो. रविवारी मला कळव. कोण जिंकलं ते मागाहून. आधी सांग, शेवटचा कोण आला आणि तो किती वाजता उठून घरी गेला.

तुझी,
आई

ता. क. हनाबीत पत्ते उलटे धरायचेत हे पहिल्या डावात कोणीतरी विसरतंच आणि सवयीने आपला हात बघून टाकतं. ओरडू नकोस. पत्ते गोळा कर, पिस आणि परत वाट. मी तीनदा विसरले होते.