आईच्या दुपारच्या बैठकीबद्दल

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "हिचा पाय दुपारी घरात ठरत नाही." ते मनाला लागून राहिलं, म्हणून मुद्दाम लिहायला बसले. तिला जाऊ द्या. शेजारणींसोबतच्या त्या ओट्यावरच्या बैठकीत नुसत्या गप्पा चालत नाहीत. पलीकडच्या काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा त्यांना मान मागे करायला लावून, खालची पापणी हलकेच ओढून आई थेंब घालायची, ते मी पाहिलंय. कुणाचं दार सकाळी उघडलं नाही, तर पहिल्यांदा या बायकांनाच कळतं. मी इथून रोज फोन केला, तरी मला ते कळणार नाही.

ब्रिटनमधल्या वेल्सच्या खेड्यांत संशोधक क्लेअर वेंगर यांनी १९७९ पासून वर्षानुवर्षं वृद्धांच्या आधाराचा अभ्यास केला. त्यात सर्वांत भक्कम ठरलं ते नातलग, मैत्रिणी आणि शेजारी या सगळ्यांचं मिळून जवळपास असलेलं जाळं. आम्ही मुलं त्यातला एक भाग, बाबा. सगळं जाळं आम्ही नाही.

आई, "मी काय, दुसऱ्यांसाठीच धावते," असं तू म्हणतेस. अमेरिकेत ४२३ वयस्कर जोडप्यांच्या पाहणीत (२००३) इतरांना मदत करणाऱ्यांमध्ये पाच वर्षांतलं मृत्यूचं प्रमाण कमी आढळलं. नुसती मदत घेणाऱ्यांना तसा फायदा दिसला नाही. तेव्हा धाव खुशाल. पण गेल्या थंडीत अंगात ताप असताना कुणाला कळू दिलं नाहीस, ते मला अजिबात आवडलं नाही. काकूंनाही तुझ्या उशाशी बसू दे की!

एका गोष्टीची मात्र काळजी वाटते. तुम्ही सगळ्या एकाच वयाच्या. गुडघे एकदमच कुरकुरणार, कुणी मुलाकडे राहायला जाणार, आणि बैठक बघता बघता ओस पडेल. म्हणून शेजारच्या सुनेला आत्तापासून बोलवत जा. ऐकू येत नाही म्हणून त्या टोकाच्या आजींनी यायचं सोडलंय ना? त्यांना आणून तुझ्यासमोर बसव आणि तोंडाकडे बघत सावकाश बोल. खरी गरज त्यांनाच आहे.

बाबा, तुमचं अक्षर सुवाच्य आहे. प्रत्येकीच्या मुला-मुलींचे नंबर एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून प्रत्येक घरी एकेक प्रत द्या. एक मलाही पाठवा.

तुमची लेक