मामांचा बलून

समुद्रपूर, जि. वर्धा
रविवार

प्रिय गजू,

मामांच्या हृदयाचं पंपिंग ३० टक्के आहे, बायपासच्या वेळी बलून (हृदयाला हातभार लावणारा फुग्याचा पंप) लागू शकतो असं सर्जन म्हणाले, आणि घरात रडारड सुरू झाली म्हणतोस. नागपूरला निघण्याआधी एवढं वाच.

जांघेच्या धमनीतून नळी वर सरकवतात. टोकाचा लांबट फुगा महाधमनीत बसतो, डाव्या हाताला जाणाऱ्या फाट्याच्या साधारण २ सेंमी खाली. बहुतेकांना ४० मिलीचा लागतो. मामा बुटके, त्यांना लहान लागेल. आत हेलियम, कारण तो हलका, झटकन आत-बाहेर होतो. हृदयाची झडप मिटली की फुगा फुगतो आणि हृदयाच्याच धमन्यांत रक्त रेटतो. पुढच्या ठोक्याच्या ऐन आधी रिकामा होतो, म्हणून हृदयाला जोर कमी लागतो. रिकामा व्हायला उशीर झाला तर मात्र हृदय बंद फाटकावर धडका मारतं. महाधमनीची झडप फार गळत असेल तर बलून लावतच नाहीत.

चढावर बंडीला मागून खांदा लावतो ना, तसंच हे. बैलच बसले तर खांद्यानं बंडी हलत नाही. मग ईसीएमओ, म्हणजे हृदय-फुफ्फुसांचं काम बाहेरून करणारं मशीन. तो मिनिटाला ३-४ लिटर रक्त बाहेर काढून, ऑक्सिजन देऊन धमनीत परत सोडतो. पण ती धार उलटी येते, थकलेला डावा कप्पा तटतटून फुगतो, फुफ्फुसात पाणी भरतं. ऑपरेशननंतर त्यावर गेलेले निम्म्याहून कमीच घरी येतात. खोटा धीर कशाला देऊ?

कुणी २०१२ चा जर्मनीतला अभ्यास दाखवेल: ६०० रुग्ण, ३० दिवसांत मृत्यू बलून लावून ३९.७ टक्के, न लावता ४१.३. म्हणजे फरक नाहीच. पण ते हार्ट अटॅकनं शॉकमध्ये, म्हणजे रक्तदाब कोसळून अत्यवस्थ झालेले. मामांचं तसं नाही.

आयसीयूत भेटायला सोडतील तेव्हा नळीचा पाय सरळ आहे ना बघ. उशाकडचा पलंग ३० अंशांच्या वर नको. तळव्याला हात लाव, दुसऱ्या पायाशी ताडून बघ. लघवी अचानक कमी झाली तर फुगा खाली सरकून किडनीची वाट अडवत असू शकतो. गॅसच्या नळीत तपकिरी कण दिसले तर फुगा फाटलाय. मशीन बंद पडून अर्धा तास गेला तर फुग्यावर गुठळी धरते. सुरुवातीला मशीनवर १:१ दिसेल, म्हणजे दर ठोक्याला फुगा एकदा फुगतो. १:२, १:३ (दर दुसऱ्या, तिसऱ्या ठोक्याला) झालं की काढायची तयारी समज.

पाय गार लागला तर सकाळच्या राऊंडची वाट नको पाहू, सिस्टरला तिथंच उभं कर.

तुझा,
सुध्या