पदवी दोन वर्षांत, पण परवान्याचे काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या शैक्षणिक पुरवणीत परदेशातील मानसशास्त्राच्या शिक्षणावर आलेला लेख वाचला. विद्यापीठांची नावे, फी, राहण्याचा खर्च, जीआरई लागते की नाही, सगळे त्यात होते. परवान्याबद्दल मात्र अवाक्षर नव्हते. उलट 'दोन वर्षांचा मास्टर्स करून अमेरिकेत सायकॉलॉजिस्ट होता येते' असे एक वाक्य होते. ते चुकीचे आहे, आणि अशाच वाक्यांच्या भरवशावर घरच्यांनी कर्ज काढून पाठवलेली मुले-मुली इथे येऊन अडकलेली मी पाहते. मी मूळची सांगलीची. गेली बरीच वर्षे कॅलिफोर्नियात परवानाधारक मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते, त्यामुळे यातले ऐकीव काही नाही.

इथे हा परवाना केंद्र सरकार देत नाही, राज्य देते. १९४५ मध्ये कनेक्टिकटने पहिला कायदा केला, १९७७ मध्ये मिझुरीने केला आणि पन्नास राज्ये पूर्ण झाली. प्रत्येकाचे परवाना देणारे मंडळ वेगळे, नियम वेगळे. परवान्याशिवाय स्वतःला 'सायकॉलॉजिस्ट' म्हणवून दुकान मांडणे हा गुन्हा आहे. आणि या परवान्यासाठी जवळपास सगळीकडे डॉक्टरेट लागते, म्हणजे पीएचडी किंवा साय.डी. (संशोधनापेक्षा प्रत्यक्ष उपचारांवर भर देणारी डॉक्टरेट). पाच-सहा वर्षे त्यातच जातात. त्यात एक वर्षाची इंटर्नशिप असते. तिच्या जागा देशपातळीवरच्या संगणकीय जुळणीतून मिळतात आणि फेब्रुवारीत निकाल लागतो. लष्करातून निवृत्त झालेल्यांसाठी सरकारची जी रुग्णालये आहेत, तिथे या प्रशिक्षणाच्या सर्वाधिक जागा आहेत. पण त्यांना अमेरिकेचे नागरिकत्व लागते. आपल्याकडून आलेल्या विद्यार्थ्यासाठी एवढा मोठा दरवाजा पहिल्यापासूनच बंद असतो, हे त्याला प्रवेश घेताना कोण सांगते?

डॉक्टरेट हातात आली की संपले, असे नाही. कॅलिफोर्नियात ३,००० तास कुणाच्या तरी देखरेखीखाली काम करावे लागते, त्यातले निदान १,५०० तास पदवीनंतरचे. या तासांविषयी मला जरा सविस्तर सांगायचे आहे, कारण परीक्षेची भीती सगळ्यांना असते आणि माणसे बुडतात ती तासांत. आठवड्यात जेवढे तास काम केले त्याच्या १० टक्के वेळ सुपरव्हिजन हवी. चाळीस तास काम, तर चार तास सुपरव्हिजन, आणि त्यातला किमान एक तास फक्त तुम्ही आणि तुमचा सुपरवायझर समोरासमोर. काम सुरू होण्याआधी दोघांच्या सह्यांचा लेखी करार हवा. दर आठवड्याची नोंद ठेवायची: रुग्णांसोबत किती वेळ, चाचण्यांना किती, अहवाल लिहायला किती. सुपरवायझरचा स्वतःचा परवाना त्या काळात चालू असला पाहिजे, आणि सुपरव्हिजन कशी करावी याचे प्रशिक्षणही त्याने वेळच्या वेळी घेतलेले असले पाहिजे. तो आजारी पडला, रजेवर गेला, तर त्या आठवड्याचे काम मोजले जाईल की नाही हा प्रश्न उभा राहतो. नागपूरहून आलेल्या, माझ्या ओळखीतल्या एका मुलीचे काही महिन्यांचे तास मंडळाने धरले नाहीत, कारण करारावरची तारीख काम सुरू झाल्यानंतरची होती. काम खरे होते, रुग्ण खरे होते, कागद उशिरा झाला. एकीकडे हे तास, दुसरीकडे ओपीटीचे, म्हणजे पदवीनंतर विद्यार्थी व्हिसावर काम करण्याच्या परवानगीचे, एकच वर्ष. तिने त्या वर्षात काय काय केले असेल याची कल्पना करा.

मग परीक्षा. ईपीपीपी नावाची परीक्षा देशभर एकच आहे: २२५ प्रश्न, सव्वाचार तास. त्यातले १७५ प्रश्नच गुणांसाठी धरतात, उरलेले ५० पुढच्या परीक्षांसाठी तपासून पाहिले जात असतात आणि ते कोणते हे आपल्याला कळत नाही. ५०० गुण मिळवावे लागतात, मात्र ते थेट बेरजेचे नसतात, प्रश्नपत्रिकेच्या काठिण्यानुसार बसवलेले असतात. फी ६०० डॉलर, केंद्राचे भाडे वेगळे. कौशल्य तपासणारा दुसरा भागही सर्वांना सक्तीचा करण्याचे घाटत होते. त्यावर बराच गदारोळ झाला आणि २०२४ मध्ये तो बेत थांबवला. माझ्या मते ते बरे झाले, नाहीतर आणखी एक फी आणि आणखी एक क्लासवाला. याशिवाय कॅलिफोर्नियाची कायदा व नीतिनियमांची स्वतंत्र परीक्षा आहे. मला विचाराल तर ती जास्त उपयोगाची. मुलाला घरी मारहाण होते आहे हे कळले तर कुणाला आणि किती वेळात कळवायचे, समोरच्याने कुणाला मारण्याची धमकी दिली तर गोपनीयता कुठे संपते, हे त्यात विचारतात.

परवाना मिळाला तरी तो जन्मभराचा नसतो. दर दोन वर्षांनी नूतनीकरण आणि त्यासाठी ३६ तासांचे पुढचे शिक्षण. त्यात कायदा-नीतीचे चार तास आणि सांस्कृतिक वैविध्याचे चार तास हवेतच. मंडळ मधूनच कुणाचीही कागदपत्रे मागवते, त्यामुळे प्रमाणपत्रांची फाईल जपून ठेवावी लागते. ऑफिसात, रुग्णांना दिसेल अशा जागी, तक्रार कुठे करायची याची सूचना लावावी लागते. माझे नाव मंडळाच्या संकेतस्थळावर टाकले की परवाना चालू आहे का, माझ्यावर कधी कारवाई झाली आहे का, हे कुणालाही घरबसल्या दिसते. सुरुवातीला याचे दडपण येते. पण समोर बसणारा माणूस जे आईबापांना सांगत नाही ते मला सांगणार असतो, तेव्हा माझ्याविषयी एवढे तरी त्याला कळलेच पाहिजे.

आता एक मुद्दा, जो आपल्या महाराष्ट्रातल्या वाचकांनाही थेट लागू आहे. टेक्सासहून एखाद्या मुलीचा फोन येतो, "ताई, आई सहा महिन्यांसाठी आलीय. सारखी रडते, रात्र-रात्र झोपत नाही. तिला इंग्रजीत बोलता येत नाही, तुम्ही मराठीत बोलाल का?" माझा पहिला प्रश्न असतो, "काकू आत्ता कोणत्या राज्यात आहेत?" मुलीला तो कोरडा वाटतो, आणि तो कोरडाच आहे. पण कायदा रुग्ण कुठे बसला आहे ते पाहतो. व्हिडिओ कॉलवर मी कॅलिफोर्नियात असले तरी उपचार टेक्सासमध्ये झाले असे धरतात. राज्याराज्यांत ऑनलाइन काम करता यावे म्हणून सायपॅक्ट नावाचा करार आहे, त्यात चाळीसहून जास्त राज्ये आहेत, टेक्सास आणि न्यू जर्सीही आहेत. कॅलिफोर्निया नाही. म्हणून त्या काकूंना मी घेऊ शकत नाही. मराठी बोलणारे थेरपिस्ट या देशात आहेत किती, आणि त्यांच्यातही अशा भिंती! परवान्याची मी कितीही बाजू घेतली तरी हा जाच मला पटत नाही. माझ्या राज्याने या करारात यायला हवे.

याची दुसरी बाजू अशी, की न्यू जर्सीतले, बे एरियातले कितीतरी मराठी लोक पुण्या-मुंबईतल्या थेरपिस्टकडून ऑनलाइन सेशन घेतात. भाषा आपली, फी परवडणारी, वेळही जमते. मला त्यांचे मन कळते. पण इथल्या राज्याच्या दृष्टीने तो विनापरवाना व्यवसाय आहे. पुण्यात बसलेल्या थेरपिस्टने निदान एवढे तरी करावे: रुग्ण नक्की कुठे आहे हे दर वेळी विचारावे, त्याच्या जवळच्या माणसाचा फोन नंबर घेऊन ठेवावा, आणि इथला संकटकाळाचा नंबर ९८८ आहे हे माहीत असू द्यावे. रात्री दोन वाजता कुणी जिवाचे बरेवाईट करायला निघाला तर पुण्याहून काहीच करता येत नाही.

महाराष्ट्रात नियमच नाहीत असा माझा समज नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टना भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी १९९२ च्या कायद्याने सक्तीची आहे. विनानोंदणी काम केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. (हजार रुपये! एका सेशनची फी कधी कधी त्याहून जास्त असते.) २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने राज्य प्राधिकरणाकडेही नोंदणीचे काम दिले, आणि उरलेल्या मानसशास्त्रज्ञांसाठी २०२१ चा संलग्न आरोग्य व्यवसायांचा कायदा आला. तरीही चार शनिवार-रविवारचा कोर्स करून 'काउन्सेलर' अशी पाटी लावणारे आपल्या प्रत्येक शहरात सापडतील. आपल्या पुरवणीत अशा कोर्सच्या जाहिराती असतात, हेही नम्रपणे नमूद करते.

मुलांनी इथे येऊ नये असे मला सुचवायचे नाही. मास्टर्सवर काम करण्याचे मार्गही आहेत. कॅलिफोर्नियात कुटुंब व विवाह थेरपिस्टचा किंवा क्लिनिकल काउन्सेलरचा परवाना मास्टर्सनंतर मिळतो, त्यालाही ३,००० तास लागतात. मात्र दोन वर्षांचा कुठलाही मास्टर्स त्याला चालत नाही, अभ्यासक्रम कायद्यात सांगितल्याप्रमाणेच असावा लागतो. एजंटच्या माहितीपत्रकात हा फरक नसतो, कारण एजंटला कमिशन प्रवेशाचे मिळते.

तेव्हा आपल्याला एक विनंती. पुढच्या वेळी विद्यापीठांची यादी छापाल, तेव्हा क्रमवारीच्या शेजारी आणखी एक रकाना द्या: या पदवीवर कोणत्या राज्यात कोणता परवाना मिळतो. माहिती शोधायला फार कष्ट नाहीत. सरकारी विद्यार्थी-कर्जाच्या योजनेत असलेल्या अमेरिकी विद्यापीठांना, आपला अभ्यासक्रम कोणत्या राज्याच्या परवान्याला पुरेसा आहे, हे २०२० पासून जाहीर करावे लागते. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची मान्यता असलेल्या डॉक्टरेट अभ्यासक्रमांना तर किती विद्यार्थ्यांना इंटर्नशिप मिळाली, पदवीला किती वर्षे लागली, किती जणांना पुढे परवाना मिळाला, याचे आकडे दरवर्षी संकेतस्थळावर टाकावे लागतात. पालकांनी फीचा पहिला हप्ता भरण्याआधी ते पान उघडून बघावे. आणि ज्या अभ्यासक्रमाला असे पानच नाही, त्याच्या प्रवेश कार्यालयाला ईमेल पाठवून लेखी उत्तर मागावे.

आपली,
एक वाचक, सॅन होजे, कॅलिफोर्निया