माथ्यापासून सुरुवात केलीत, ताई

कृषी सहायक ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमची बदली झाली तेव्हा आवणीची घाई होती, निरोपाला येता आलं नाही. म्हणून चारचौघांत हे पत्र.

गंगापूर धरणाच्या वरच्या अंगाला, त्र्यंबकच्या उतारावर आमची वरकस जमीन. मृगाचा पाऊस यायचा तेव्हा रान उघडंच असायचं. थेंबांच्या माराने माती सुटायची, वरचा थर धुपायचा, मग ओघळ पडायचे आणि आषाढात त्यांचीच घळ व्हायची. नागली-वरईच्या मुळाशी मुरूम दिसू लागला होता. ही माती जाते कुठे, ते तुम्ही दाखवलंत. गंगापूरची मूळ साठवण ७२०० दशलक्ष घनफूट, आज धरतात ५६३०. मधली जागा गाळाने खाल्ली. नाशिककरांच्या पिण्याच्या पाण्यात आमची शेतं वाहून चालली होती.

आम्ही नाल्यावर सिमेंटचा बंधारा मागत होतो. तुम्ही म्हणालात, आधी माथा, मग पायथा. वर पाणी अडवलं नाही तर बंधारा गाळानेच भरेल. ग्रामसभेत लोक तुमच्यावर चिडले, तरी तुम्ही ढळला नाहीत. याचे आभार मला सर्वात आधी मानायचे आहेत.

आणि पाणी अडवायला उतारावर समपातळीत चर आखायची ती ए-फ्रेम! तीन बांबू आणि सुतळीला टांगलेला दगड. सुतळी मधल्या खुणेवर स्थिरावली की दोन्ही पाय एका पातळीत. तिथे खुणेची फक्की टाकायची, एक पाय जागेवर ठेवून दुसरा फिरवायचा. शाळेचं तोंड न पाहिलेल्या माझ्या आईला तुम्ही हे उन्हात उभं राहून शिकवलंत. रेषा वाकडी दिसली तर दिसू दे, पण पातळी चुकली की पाणी एका जागी तुंबून चर फोडतं, हे ती आता आम्हाला ऐकवते. दोन फूट रुंद, एक फूट खोल चर, माती खालच्या अंगाला, तिच्यावर वाळ्याचं गवत.

घळीतल्या दगडी बांधांमागे यंदा चांगली माती साचली आहे. मोठ्या सरीनंतर ओहोळ अजून गढूळ होतो, पण लवकर निवळतो.

पलीकडच्या पाड्याने फ्रेम मागितली आहे. दिवाळीनंतर आई तिकडे आखणीला जाणार आहे. जमलं तर या, नागलीची भाकरी करून ठेवतो.

तुमचा,
त्र्यंबक तालुक्यातला एक शेतकरी